वरची फळी

"पाणी कुणी प्यायलं?" गिरणीतून आले आणि रिकामा तांब्या बघून मी ओरडलेच.

जुई भिंतीला चिकटली. नऊ वर्षांची माझी पोर, पण दिसायला पाचाची. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसाला अर्धा लिटरच पाणी. जास्त झालं तर छातीत साचेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून पिण्याचं पाणी मी फळीवर ठेवायचे. घरातलं स्टूलसुद्धा शेजारी देऊन टाकलं होतं.

सूज आली का म्हणून मी तिची पावलं दाबून पाहिली, छातीला कान लावला. माझ्याच काळजाचे ठोके इतके जोरात पडत होते, की तिचा श्वास नीट ऐकूच येईना.

"स्टूल कुणी दिलं तुला?"

"कुणी नाही. हात पुरला."

"खोटं बोलू नकोस, जुये!"

ती फळीखाली जाऊन उभी राहिली. टाचा उंचावून तिने हात वर केला. बोटं फळीवर आतपर्यंत गेली.

दिवाळीत इथेच तिचा हात चार बोटं कमी पडला होता. तेव्हापासून मी रोज तिच्या पोटात वाढीचं इंजेक्शन टोचत होते, पण दारावरची उंचीची खूण बघायची हिंमत होत नव्हती.

डॉक्टरांना फोन लावला. "लगेच घेऊन या," ते म्हणाले.

निघताना मी तांब्या आणखी वरच्या फळीवर ठेवला. त्यासाठी मलाही टाचा उंचवाव्या लागल्या.