धोंडाईचं पान

कौसाबाईने पळसाच्या पानावर भाकरी आणि चवळीची भाजी वाढली, तोच सून म्हणाली, "आत्याबाई, सवयीनं भाजीत मीठ पडलं माझ्या हातून."

कौसाबाईने उचललेलं पान परत खाली ठेवलं. समोर धोंडाईच्या पहिल्या चुलीचे तीन दगड होते. चार पिढ्यांमागे या ओसाड माळावर वस्ती केली ती तिनेच. पहिली दोन वर्षं मिळेल तेवढं मीठ लेकरांच्या कण्यांत घालून ती स्वतः अळणी जेवली. म्हणून पित्रांत तिचं पान अळणीच असायचं.

"घात केलास गं! चाळीस वर्षं पाळलंय मी. जा, दुसरी भाजी टाक."

"टाकते. पण आत्याबाई, तिच्याजवळ मीठ नव्हतं म्हणून ती अळणी जेवली ना? आपली तर बरणी भरलेली आहे."

कौसाबाईने त्या काळ्या दगडांवरची धूळ पदराने पुसली.

"बरणी आण," ती म्हणाली.

पाहुण्याला वाढतात तसं तिने पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलं, पान दगडांवर ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जेव, माय. फार उशीर केला आम्ही."