हॅल्डनचं शेवटचं रीळ

समुद्रात शिरलेली बाई बाहेर आलीच नाही.

कौमुदीने रीळ पुन्हा मागे नेलं. पहाटेचा किनारा. पाठमोरी, उघडी बाई. आधी गुडघाभर पाणी, मग कमरेएवढं, मग नुसते केस. एक हात वर आला. लाट आली. हात दिसेनासा झाला. कॅमेरा जागचा हलला नाही, किनाऱ्यावरून कुणी धावत गेलं नाही. रिकामा समुद्र बराच वेळ दिसत राहिला आणि रीळ संपलं.

"अनिश, जरा इकडे ये."

अनिश चहाचा मग घेऊन आला. हॅरिस पार्कच्या देशी वस्तीतली, मिठाईच्या दुकानावरची ही लॅब त्याची. जुन्या फिल्म्स साफ करून कंप्युटरवर उतरवायचं काम. युनिव्हर्सिटी संपल्यापासून कौमुदी त्याच्याकडेच होती.

"ॲक्टिंग असेल गं," बघून झाल्यावर तो म्हणाला. "सत्तरच्या दशकातली ब्लू फिल्म. कोण एवढं मनावर घेतं?"

"ब्लू फिल्म आहे म्हणूनच विचारतेय. हिला काही झालं असतं, तर कुणी शोधलं असतं हिला?"

अनिशने रीळ पुन्हा एकदा मागे नेलं.

काम आलं तेव्हा कौमुदीला हसू आलं होतं. पुण्याला आईशी बोलताना तिने 'जुनी डॉक्युमेंटरी आहे' असं सांगून वेळ मारून नेली होती. पण साफ करता करता ती त्यात गुंतत गेली. एका प्रसंगात बाई नुसती केस विंचरत बसते आणि खिडकीतलं ऊन सगळी भिंत ओलांडून जातं. अंथरुणातही कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हटत नाही. हे कुणीतरी जीव ओतून केलं होतं. आता तिला भीती वाटत होती ती त्याचीच. एका शॉटसाठी हा माणूस कुठवर गेला असेल?

दिग्दर्शक आर. हॅल्डन. नटी, नुसतं 'लीना'. कौमुदीने खूप शोधलं. त्या लीनाचा आधी किंवा नंतर एकही सिनेमा नव्हता.

हॅल्डनने रिळं कुरिअरने पाठवली होती. फोन कधीच नाही, फक्त मेसेज. त्या दुपारीही आला.

'शेवटचं रीळ झालं?'

'हो,' तिने लिहिलं.

'आणखी कुणी बघितलं?'

कौमुदीने 'अनिशने' असं लिहून खोडलं. 'नाही. मी एकटीनेच.'

'छान. शुक्रवारी दुपारी लॅबवर येणार आहे. तुझ्याशीच बोलायचंय.'

"पोलिसांना कळवायचं का?" तिने अनिशला विचारलं.

"काय सांगणार? पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमात एक बाई बुडाली म्हणून? नो वरीज, मी असेन ना इथे."

पण शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीतच शाळेतून फोन आला. अनिशच्या मुलीला ताप होता. "तिला घरी सोडतो आणि लगेच येतो," म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

कौमुदीने शेवटचं रीळ स्क्रीनवर लावून ठेवलं. विचारायचंच, असं तिने ठरवलं होतं. तोंडावर विचारायचं, ती बाई कुठे आहे. पण बेल वाजली तेव्हा तिने आधी फोन हातात घेतला आणि मगच दार उघडलं.

दारात एक म्हातारी उभी होती.

सुरकुत्या होत्या, केस पांढरे होते. पण कितीतरी आठवडे कौमुदीने याच चेहऱ्यावरची धूळ एकेका फ्रेममधून काढली होती.

"लीना?"

"अगबाई," म्हातारी म्हणाली. "किती वर्षांनी कुणी या नावाने हाक मारली."

कौमुदीने तिचे दोन्ही हात धरले आणि तिला रडूच फुटलं. "तुम्ही जिवंत आहात!"

"दिसतंय तरी तसंच." तिने खुर्ची ओढून घेतली. स्क्रीनवर रिकामा समुद्र थांबलेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे बघून भीती वाटली तुला?"

"झोप उडाली माझी."

"खरंच?" म्हातारीचा चेहरा उजळला. "थिएटरात इथपर्यंत कुणी बसायचंच नाही गं. अंथरुणातलं संपलं की उठून जायचे."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जड, पुरुषी पावलं. कौमुदीने धावत जाऊन दाराची कडी लावली.

"तुम्ही आतल्या खोलीत जा," ती कुजबुजली. "मी पोलिसांना फोन करते. आज तो येणार होता, हॅल्डन. त्याने तुम्हाला इथे बघता कामा नये."

म्हातारी जागची हलली नाही. तिने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची स्क्रीनजवळ सरकवली.

"कडी काढ, तो दुसरा कुणीतरी असेल," ती म्हणाली. "हॅल्डन मीच."