छकुलीचा पायगुण

मोटार गेली, तरी ओट्यावर तिच्या बोल्टांची भोकं राहिलीच. कौशल्येने सकाळीच त्यांवर पोतं टाकलं, वर घमेलं ठेवलं. मग दोन्ही उचललं. जास्तच लपवल्यासारखं दिसत होतं.

"काहून भेऊन राह्यली?" वामनराव म्हणाले. "मोटार होती, इकली. चोरी केली का आपुन?"

"अहो, एक्साइजवाले यायचे आहेत. त्यांना काय दिसेल, काय सांगावं!"

अकोल्यात त्यांचा सरकीच्या तेलाच्या साबणाचा कारखाना. कारखाना म्हणजे घराचंच मागलं अंग. अंगणात कढई, आणि आतल्या गार खोलीत वड्या वाळवायच्या फळ्या. दिल्लीचे नियम दर बजेटला पालटत. आधी थोड्या मालाला सूट होती, म्हणून कढई घोटायला मोटार घेतली. यंदा सूटच गेली. घरात इंग्रजी वाचणारी एकटी कौशल्या, अमरावतीची बी. ए. तिने कागद पुन्हापुन्हा वाचून सांगितलं : साबण तयार होईपर्यंत कुठल्याही कामाला वीज लागली, की सगळ्या मालावर एक्साइजचा कर. सगळं हातानं केलं, तर माफ.

कर बसला की वडी मुंबईच्या साबणाहून महाग. म्हणजे कारखान्याला कुलूपच. मोटार विकली आणि वामनराव स्वतः घोटायला उभे राहिले. त्यांचा खांदा शेकताना कौशल्येला वाटे, इतकं शिकून आपण या घरात आणलं काय, तर धास्ती.

त्यात छकुली. फाल्गुनात जन्मली आणि चैत्र लागताच अंगभर घामोळ्या. पोर रडून रडून निळी पडायची. घरात गार खोली एकच, म्हणून पाळणा तिथे हलवला. मोटारीच्या पैशांतून टेबलपंखा आणला, तेव्हा कुठे ती डोळा मिटू लागली.

इन्स्पेक्टर दुपारी आले. पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. भोकांपाशी थांबले.

"मोटार?"

"बजेट झाल्याबरोबर विकली जी," वामनराव म्हणाले.

"आणि घोटता कसं?"

वामनरावांनी नुसते तळहात पुढे केले. फोड फुटून कातडी सोलली होती. इन्स्पेक्टरांनी नजर काढून घेतली.

"नियम कोणी वाचून दाखवला?"

"हिनं."

"नीट वाचलाय," ते कौशल्येला म्हणाले. कित्येक आठवड्यांनी तिच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. तिने चहा ठेवला.

कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "माल तेवढा बघतो, मग निघतो."

आतल्या खोलीत सासूबाई, मनकर्णाबाई, पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. इन्स्पेक्टरांनी चपला दाराबाहेरच काढल्या. फळीवरची एक वडी उचलून त्यांनी नखाने टोकरली.

"चांगली टणक आहे. जुनी दिसते."

"जुनी कायची! परवाची हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पह्यले आठ-आठ दिस वली राहे. आता दोन दिसांत खडखडीत!"

"असं? तेल बदललं का?"

"तेल तेच, कढई तेच. हे पोरगी आली न साबन सुकाले लागली. पोरगी झाली म्हनून शेजारीण तोंड वाकडं करे. म्या म्हनलं, पाह्य माय, लक्ष्मीचा पायगुण!"

वामनराव मोठ्याने हसले. इन्स्पेक्टरही हसले. कौशल्येने पदर तोंडाला लावला. सासूने नातीचं कौतुक चारचौघांत करावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

इन्स्पेक्टर पाळण्याशी वाकले. गोड झोपलेल्या छकुलीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ होऊन त्यांनी फळीसमोर आपला तळहात आडवा धरला. त्यांच्या बाहीचं टोक फडफडलं.

"ताई," पोर जागी होऊ नये म्हणून ते अगदी हळू म्हणाले, "पंखा बंद करू नका. किती तारखेपासून चालू आहे, तेवढं सांगा."