जरा डावीकडे सरक

"जरा डावीकडे सरक. हं, आता हस!"

दर रविवारी भर बाजारात नवरा कॅमेरा रोखायचा आणि शैलजा ठेवणीतली साडी सावरत हसायची. एरवी कुणाला पत्ता विचारायलाही लाजणारा माणूस आपल्यासाठी एवढा धीट होतो, याचं तिला कोण कौतुक! फोटो दाखवा म्हटलं की म्हणायचा, "एकदम प्रदर्शनातच बघ."

आज प्रदर्शन भरलं. शैलजा लगबगीनं एकेका भिंतीवर स्वतःला शोधत गेली. जांभई देणारा कासार, भांडणाऱ्या कोळणी, मिशीला पीळ देणारा हमाल. एका फोटोच्या कडेला तिच्या मोरपंखी साडीचा काठ तेवढा दिसला, तोही धूसर.

"अनोळखी माणसांचे फोटो काढायला भीड नाही वाटत?" कुणीतरी त्याला विचारलं.

"फार वाटायची," तो खुशीत म्हणाला. "मग बायकोला पुढ्यात उभी करायचो आणि नेम धरायचो मागच्या माणसांवर. लोकांना वाटायचं, तिचाच काढतोय. आता भीड चेपलीय. तिची गरज लागत नाही."

"वहिनी, या की! दोघांचा एक फोटो होऊन जाऊ दे," म्हणत त्या माणसानं मोबाइल काढला.

शैलजा कुणी न सांगताच डावीकडे सरकली आणि दाराबाहेर जाईपर्यंत सरकत राहिली.