बोटभर रेघ

“रेघ धड मारता येत नाही आणि म्हणे गॅरेज चालवणार!” ग्राइंडर ठेवत बाबा पुटपुटले. लेकीने वाकून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या मोटरसायकलला एकट्याची सीट बसवण्यासाठी मागची फ्रेम शॉकॲब्सॉर्बरच्या मागे कापायची होती. बाबांनी ती शॉकॲब्सॉर्बरच्या पुढे कापली. आता ते अडकवायचे कशाला, आभाळाला? “तूच चुकीची खूण केलीस!” बाबा कडाडले. “चाळीस वर्षांत माझा हात चुकलेला नाही.” चहा घेऊन आलेली आई नेहमीप्रमाणे मध्ये पडली, “अगं, उजेडच कमी आहे इथे.” बाहेर लख्ख ऊन होतं. लेक दर महिन्याला खडूची रेघ जाड करत आली होती. आजची बोटभर होती. तिने कापलेला तुकडा उचलला. रेघ त्यावर अख्खी होती. “हात नाही चुकला, बाबा!” ती ओरडली. “तुम्हाला दिसत नाही.”