एकशे सत्त्याऐंशी होकार

"राजीनाम्यावर तारीख कोणती घालू?" कीबोर्डवरची नजर न काढता ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं.

"सोमवारची," सर म्हणाले. "सोमवारी निकाल आहे. धडा गेला की मागोमाग मीही गेलो."

नववीच्या जीवशास्त्रातला तो धडा म्हणजे सरांचा जीव की प्राण. माणूस एका दिवसात घडला नाही, लाखो वर्षं घडत घडत आला, हे ते गेली पंचवीस वर्षं फळ्यावर सांगत आले होते. त्यापायी मुलांनी त्यांचं नाव माकडसर ठेवलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडतही असे. यंदा मात्र काही पालकांनी अर्ज दिला. देवाने माणूस माणूस म्हणूनच घडवला, आमच्या मुलांना भलतंसलतं शिकवू नका. अध्यक्षांना कोणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं. त्यांनी तोड काढली. प्रत्येक घरी एक कागद जाईल. धडा शिकवावा का? हो किंवा नाही. खाली सही नको. जिकडे मतं जास्त, तिकडे शाळा.

मोजायचं कोणी, यावर मात्र दोन बैठका गेल्या. शेवटी सगळ्यांनी ऑफिसमधल्या बाईंचं नाव घेतलं. रोज सकाळी ड्रॉवर उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या, शाळेची टाचणीसुद्धा घरी न नेणाऱ्या बाई. त्यांची मुलगी नववीतच होती. धडा आपल्याला मुळीच पटत नाही, हे त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं होतं. अर्ज देणारे निर्धास्त झाले. सरांनी तर आशाच सोडली.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाई," राजीनाम्यावर सही करता करता ते म्हणाले. "इथल्या लोकांना मी पुरता ओळखून आहे. मेंढरं आहेत नुसती. तुम्ही फक्त बेरीज करायची."

बाईंनी कागदाची नीट घडी घालून तो पाकिटात घातला आणि पाकीट सरांच्या हातात दिलं.

सोमवारी अध्यक्षांनी बाईंची चिठ्ठी वाचली. आलेले कागद तीनशे बारा. 'नाही' एकशे पंचवीस. 'हो' एकशे सत्त्याऐंशी.

अध्यक्षांनी चष्मा पुसून चिठ्ठी पुन्हा वाचली. अर्ज देणाऱ्यांतला एकजण तावातावाने उठला, आणि बाईंकडे बघून पुन्हा खाली बसला.

"बाईंनी मोजलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

सर त्या दिवशी बस सोडून पायी घरी गेले. दारातच बायकोला म्हणाले, "अगं, एकशे सत्त्याऐंशी घरं माझ्या बाजूने उभी राहिली. आणि मी त्यांना मेंढरं म्हणत होतो."

"मग माफी मागा त्यांची."

"कोणाकोणाची मागू? कागदावर सही कुठंय?"

"मग सगळ्यांचीच मागा," असं म्हणून ती आत गेली.

सरांनी ते मनावर घेतलं. औषधांच्या दुकानातला माणूस हसून गोळ्या काढून द्यायचा, तेव्हा त्यांना वाटायचं, हा त्यातलाच असणार. बसमधल्या कंडक्टरला ते आधी नमस्कार करू लागले. पूर्वी कोणी पालक वाद घालायला आला की ते म्हणत, "आधी जरा वाचून या." आता कोपऱ्यावरची शिंपीण फणफणत आली, तर त्यांनी तिला खुर्ची दिली.

"तुमचा देव मी काढून घेत नाहीये," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, तुमच्या मुलीचं नाक हुबेहूब तुमच्यासारखं कसं?"

ती तासभर बसली. पटलं काहीच नाही, पण पुढच्या शनिवारी नवऱ्याला घेऊन आली. हळूहळू शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत दहा-बारा पालक जमू लागले. कडाकडा भांडत, आणि जाताना बाकं सरळ करून जात. त्यानंतर सात वर्षांत धड्याविरुद्ध एकही अर्ज आला नाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. शिंपिणीने त्यांच्यासाठी कोट शिवून आणला होता.

"मला अजून पटलेलं नाही," ती कोट चढवत म्हणाली, "पण खांदे मापात बसलेत का बघा."

खांदे मापात बसले होते. सर कोट घालूनच बोलायला उभे राहिले.

"त्या एकशे सत्त्याऐंशी जणांचे आभार," ते म्हणाले. "तुम्ही कोण ते मला आजवर कळलं नाही. त्यामुळे सगळ्यांशीच नीट वागावं लागलं. माणूस म्हणून मी घडलो असेन, तर तो या सात वर्षांत."

कार्यक्रम आटोपल्यावर ते प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला ऑफिसात गेले.

"तुमचे आभार राहिलेच, बाई. मनाविरुद्धचा आकडा तुम्ही जसाच्या तसा दिलात. दुसऱ्या कोणाचा हात अडखळला असता."

बाईंनी रजिस्टर मिटलं. मग उठल्या आणि कपाटाच्या तळातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढून त्यांनी सरांपुढे ठेवला.

"कधीच फाडून टाकायला हवे होते. धीर झाला नाही."

सरांनी दोरी सोडली. नाही. नाही. नाही. ते उभ्या उभ्या कागद उलटत राहिले. अर्धा गठ्ठा झाल्यावर खुर्ची ओढून बसले, आणि शेवटचा कागद उलटेपर्यंत मान वर केली नाही. सगळ्या गठ्ठ्यात 'हो' निघाले अकरा.

"या अकरांतला एक तुमचा," ते म्हणाले.

"नाही, सर," बाई म्हणाल्या. "मीही 'नाही'च लिहिलं होतं."