बारा तासांचा उशीर

“कुठेतरी चुकतंय,” मापवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी बेअरिंग तिसऱ्यांदा मायक्रोमीटरमध्ये धरलं.

“चुकत नाही हो, जमलंय!” अभियंता म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

इंजिन तसं एवढंसं. तीन सिलिंडरचं, दोघांनी सहज उचलावं असं. त्यातून मोठ्या गाडीची ताकद काढायची म्हणून त्याला जादा हवा कोंबणारा टर्बो लावलेला. ताकद पहिल्याच दिवशी मिळाली, टिकण्याच्या नावाने मात्र बोंब. दर वेळी टर्बोचं बेअरिंग जळायचं. सहा वर्षांत सात इंजिनं गेली. दर इंजिनाला अभियंता बेअरिंगकडे जाणारी तेलाची वाट थोडी बदलायचा आणि इंजिन त्याच्या तोंडाला पानं पुसायचं. आता हे आठवं. नियमाप्रमाणे तीनशे साठ वेळा पूर्ण दमाने पळवून खाडकन बंद केलेलं. आणि बेअरिंग बघावं तर जणू आत्ताच खोक्यातून काढलंय! चार वाजता बैठक होती. इंजिन पास झालं तर उत्पादन सुरू, नाहीतर विभागाला टाळं आणि बावीस जण घरी. अभियंत्याने सकाळीच बायकोला फोन करून जमल्याचं सांगितलंही होतं.

“केसभर वाट रुंद केली म्हणून एवढा फरक? मला नाही पटत.” बाईंनी चाचणीची नोंदवही पुढे ओढली. एकदा शंका आली की ती फिटेपर्यंत त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. “चाचणी बारा तास उशिरा का संपली? बारा तास म्हणजे सातशे वीस मिनिटं. दर वेळी दोन.”

चाचणीखोलीतल्या कानसेनला बोलावलं. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. तो आला तोच मान खाली घालून.

“मीच केलं, साहेब. बंद करण्याआधी दोन मिनिटं हळू चालू ठेवायचो. धावत आलेल्या माणसाला आपण जरा दम खाऊ देतो ना, तसं.”

“पण का?”

“सातवं गेलं तेव्हा तुम्ही जिन्यात बसून रडत होतात. मला बघवलं नाही.”

अभियंत्याचं डोकंच फिरलं. “अहो, गिऱ्हाईक थांबणार आहे का दोन मिनिटं? घर आलं की किल्ली काढून मोकळा! म्हणून तर हा नियम आहे!” तो ओरडला खरा, पण आतून पार खचला होता.

पावणेचार झाले. बाईंनी पेन उघडलं. “मला फक्त माप लिहायचंय,” त्या हळूच म्हणाल्या. “माप चोख आहे. बारा तासांचं कुणी विचारणार नाही.” बाविसांत त्याही होत्याच.

हो म्हणावं, असं अभियंत्याला अगदी मनापासून वाटलं. पण वर्षभरात रस्त्याकडेला धूर ओकत उभ्या राहणाऱ्या गाड्याही त्याला दिसत होत्या. मग त्याने भलतंच विचारलं.

“आधीच्या सातांना ही दोन मिनिटं दिली असती तर?”

कानसेनने पहिल्यांदाच मान वर केली. “सगळी टिकली असती, साहेब. पहिलंसुद्धा. पळताना त्यांतलं एकही कुरकुरत नव्हतं. बंद केल्यावरच घात व्हायचा.”

अभियंता मटकन खुर्चीत बसला. सहा वर्षं तो पळत्या इंजिनात दोष शोधत होता, आणि बेअरिंग जळत होतं ते किल्ली काढल्यावर, तापलेलं तेल जागच्या जागी थांबल्यावर. त्याने एक कागद ओढला आणि त्यावर बॅटरीवर चालणारा छोटासा पंप रेखाटला. किल्ली काढल्यावरही तो दोन मिनिटं तेल फिरवत राहणार होता. गिऱ्हाइकाला थांबायची गरजच नव्हती.

बैठकीत सगळे त्याचीच वाट बघत होते.

“मग? आठवं पास ना?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नापास,” तो म्हणाला आणि पंपाचा कागद टेबलावर ठेवला. “पहिलं परत आणा.”